बेचाळीस हजार भोकं

उद्यमनगरात आमच्या गल्लीच्या टोकाला बाळासो चौगुल्यांचं वर्कशॉप होतं. मी त्याच गल्लीत शेतीपंपाच्या मोटारींचे स्टार्टर बनवायचो आणि त्यात बसणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बाळासोंकडून घ्यायचो. संघप्रिया सोनुलेला मी पहिल्यांदा बघितलं ते तिथंच, चौऱ्याण्णव साली. आयटीआय करून नुकतीच कामाला लागली होती. वीस वर्षांची, अंगानं बारीक, आणि बोलायच्या आधी समोरच्याकडे जरा जास्तच वेळ बघणारी.

तिला पहिलं काम मिळालं ते भोकं पाडायचं. कार्ड म्हणजे एका अंगाला तांब्याचा पातळ थर असलेली पाटी. नको असलेलं तांबं आम्लात खाऊन गेलं की नुसत्या रेघा उरतात, आणि प्रत्येक सुट्या भागाचे पाय आत घालायला भोकं पाडावी लागतात. एक मिलीमीटरची, काही त्याहून बारीक. माझ्या एका कार्डात एकशेचाळीस. उन्हाळ्याच्या तोंडावर मी तीनशे कार्डांची ऑर्डर द्यायचो, म्हणजे बेचाळीस हजार भोकं. उजव्या हातानं ड्रिलचा दांडा खाली ओढायचा, डाव्या हातानं पाटी सरकवायची. ड्रिलचं टोक, म्हणजे बीट, सुईएवढं. हात जरा तिरका गेला की मोडलंच.

या कामाला तिघी बायका होत्या आणि त्यांत शालूबाई सगळ्यांत हुशार. कागलकडची, पन्नाशीला आलेली, शाळेचं तोंड न बघितलेली. तासाला सातशे भोकं पाडायची आणि तोंडानं गावच्या भानगडी सांगत राहायची. संघप्रियाला हे काम तिनंच शिकवलं. पुढं संघप्रिया कार्डं तपासायला बसायला लागली, पण सीझन आला की सगळ्यांनाच ड्रिलवर बसावं लागायचं, तिलाही. आठ वर्षं अशी गेली. मनगट एवढं दुखायला लागलं की डबा उघडतानाही ती डावा हात पुढं करायची. डॉक्टरनं पट्टा बांधून दिला आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. पट्टा तिनं बांधला.

तिच्या मनगटापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती. शालूबाईला दिसेनासं झालं होतं. तांब्याचा ठिपका ती नजरेनं कमी आणि बोटानं जास्त शोधायची. बाळासोंना कळलं तर घरी बसवतील म्हणून कुणाला सांगत नव्हती. संघप्रियाला तपासणीत ते कळलं. चुकलेली भोकं असलेली कार्डं ती बाजूला काढायची आणि जेवणाच्या सुट्टीत बारीक तार जोडून दुरुस्त करायची. दिवसाला पाच, मग दहा, मग वीस.

दोन हजार दोन साली बाळासो पुण्याच्या एका औद्योगिक प्रदर्शनाला गेले, तपासणी करणारी म्हणून हिलाही घेऊन गेले. तिथं परदेशी मशीन होतं, कॉम्प्युटरला जोडलेलं, आपोआप भोकं पाडणारं. बाळासोंनी किंमत विचारली, हसले आणि चहा प्यायला गेले. संघप्रिया त्या मशीनसमोर दीड तास उभी होती. परत आल्यावर मला म्हणाली की ते डावीउजवीकडे जातं, पुढंमागं जातं आणि वरखाली होतं. तीनच हालचाली. प्रिंटरचं डोकंसुद्धा कॉम्प्युटर सांगेल तेवढंच सरकतं की.

मी मान हलवली आणि विसरून गेलो. ती विसरली नाही.

तिच्या घरची गोष्ट इथं सांगायला हवी. सिद्धार्थनगरात दोन खोल्या, त्यात ती आणि तिचे वडील. आई तिच्या लहानपणीच गेलेली. वडिलांचं नाव गणपती. हे नाव छप्पन्नच्या आधीचं. घरानं धम्म घेतला तेव्हा पोरसवदा होते, नाव बदलायचं राहून गेलं, आणि पुढं ते म्हणायचे, कागदोपत्री सगळीकडं तेच लागलंय, राहू दे. पोरीचं नाव मात्र त्यांनी स्वतः निवडून ठेवलं. ती त्यांना आण्णा म्हणायची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आण्णा तीस वर्षं पॅटर्न मेकर होते. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ज्या साच्यात ओततात, तो साचा वाळूत उठवायला आधी लाकडाची हुबेहूब वस्तू लागते. ती बनवणारा तो पॅटर्न मेकर. सागवानात केसाएवढा फरक त्यांना बोटाला कळायचा. पण दोन हजार एकमध्ये मालकांनी पॅटर्न बाहेरून करून घ्यायला सुरुवात केली, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. आण्णांना शाल, नारळ देऊन घरी पाठवलं. हत्यारांची पेटी त्यांनी पलंगाखाली सरकवली आणि पुन्हा उघडली नाही.

मुलगी घरात भंगारातले प्रिंटर आणून खोलायला लागली तेव्हा ते दोन-तीन दिवस बघत राहिले. मग एकदाच बोलले.

"असल्याच मशिनीनं मला घरात बसवलं. आता तू घरातच एक करालीस."

त्यानंतर घरात त्या मशीनचा विषय निघाला नाही. दोघं समोरासमोर बसून जेवायची, बातम्या ऐकायची, आणि कोपऱ्यातल्या ढिगाऱ्याकडे दोघंही बघायची नाहीत.

प्रिंटर एका बँकेनं काढून टाकलेले. त्यातून तिला टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या मोटारी मिळाल्या आणि गुळगुळीत सळया मिळाल्या. आटे पाडलेली लांब सळई हार्डवेअरच्या दुकानातून आणली. मोटार फिरली की सळई फिरायची आणि सळईवरचा नट पाटीला ओढत न्यायचा. नट सैल होता, त्यामुळं पाटी दिशा बदलताना जरा अडखळायची. आमच्या गल्लीतल्या कृष्णात टर्नरनं तिला पितळेचे दोन नट करून दिले. मधे स्प्रिंग घालून तिनं तो सैलपणा घालवला. बीट फिरवायला घरच्या मिक्सरची मोटार काढली. पुढचं वर्षभर सोनुल्यांच्या घरात चटणी पाट्यावर वाटली जात होती. माझ्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मी तिला दिला. त्याच्यावर मुलं पत्ते खेळायची, तेवढाच त्याचा उपयोग होता. प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला, सहा महिन्यांच्या एका क्लासच्या वहीवरून. सगळं मिळून खर्च नऊ हजारांच्या आत. सांगाडा प्लायवूडचा, तिच्याच हातचा, आणि खरं सांगायचं तर ओबडधोबड.

बाळासोंनी वर्कशॉपच्या मागच्या बाजूला एक टेबल दिलं. त्यांना यातून काही निघेल असं वाटत नव्हतं, पण पोरगी कामाची आहे, नादी लागलीय तर लागू दे, असा त्यांचा हिशेब.

बाजारच्या सळईवर तिचा भरवसा नव्हता. म्हणून तिनं मोजून घ्यायचं ठरवलं. प्रोग्रामला सांगायचं, दोनशे मिलीमीटर जा, आणि खरं किती गेलं ते पट्टीनं बघायचं. घरात चांगली पट्टी एकच, आण्णांच्या पेटीतली स्टीलची. विचारायची सोय नव्हती. ते बाहेर गेले असताना तिनं पेटी ओढली आणि पट्टी काढून घेतली. मोजल्यावर एकशेअठ्ठ्याण्णवच भरलं. सळई दोन मिलीमीटर कमी पडते म्हणून तिनं प्रोग्राममध्ये तेवढी वाढ केली. आता पट्टीवर बरोबर दोनशे. छोट्या छोट्या कार्डांवर करून बघितलं, भोकं ठिपक्यात पडली, जरा कडेला, पण पडली.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत तिनं माझी कार्डं मशीनवर लावली. माझी कार्डं लांब होती, एकशेऐंशी मिलीमीटर. एकावर एक रचून साठ कार्डं झाल्यावर तिनं पहिलं उजेडात धरलं. एका टोकाची भोकं नेमकी ठिपक्यात. मधली जराशी बाहेर. दुसऱ्या टोकाची तर ठिपका सोडून शेजारी, रिकाम्या जागेत.

साठ कार्डं भंगारात गेली आणि माझा माल थांबला. मी तिला नको ते बोललो, बाळासोंच्या आणि बायकांच्या देखत. ती ऐकून घेत उभी राहिली. ते आठवलं की आजही मला बरं वाटत नाही.

पुढचे दोन महिने ती चूक शोधत होती. सळईच दगा देते म्हणून कृष्णातकडून लेथवर नवी सळई पाडून आणली. मोजली, तीही तेवढीच कमी. मग तिला वाटलं, कार्डाची नक्कल ज्या फिल्मवरून उठवतात ती फिल्मच आखूड असेल. मोजली, तर खरंच आखूड. राजारामपुरीतल्या फिल्मवाल्याशी ती भांडली. तो शपथा घ्यायला लागला. बाळासोंनी त्याचं काम बंद करून सांगलीहून फिल्म मागवली. तीही आखूड, आणि नेमकी तेवढीच. दोन सळया, दोन फिल्मा, दोन गावं, आणि सगळे एकाच मापानं खोटं बोलतात. ती मला म्हणाली, आता मलाच काहीतरी झालंय बहुतेक. हाताचा पट्टा सोडून ती पुन्हा ड्रिलवर बसायला लागली, कारण माझी राहिलेली कार्डं हातानंच करावी लागणार होती.

एका रविवारी सकाळी घरी खिडकीच्या काचेवर फिल्म धरून ती पुन्हा मोजत होती. आण्णा चहा पीत बसले होते. त्यांची नजर पट्टीवर गेली.

"ती पट्टी कुठली?"

"तुमच्या पेटीतली."

आता रागावतील म्हणून ती तशीच थांबली. पण त्यांनी विचारलं वेगळंच.

"काय मोजालीस?"

"फिल्म. एकशेऐंशी पायजे. एकशेअठ्ठ्याहत्तरच्या जरा वर भरती."

आण्णांनी कप खाली ठेवला. वाकून पलंगाखालची पेटी ओढली. दोन वर्षांत पहिल्यांदा. आतून दुसरी पट्टी काढली आणि दोन्ही पट्ट्या एकीला एक लावून तिच्यासमोर धरल्या. शून्यावर शून्य. शंभरापाशी जरासा फरक. तीनशेपाशी एकीची रेघ दुसरीच्या तीन रेघा पुढं.

"ही बिडाची पट्टी हाय," ते म्हणाले. "बीड थंड झालं की आकसतंय. शंभराला एक. म्हणून आमचा पॅटर्न तेवढा मोठा करायला लागतोय. दर वेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून पट्टीच मोठी असती."

पट्टीच्या टोकाला तसं कोरलेलं होतं म्हणे, पण तीस वर्षं हाताळून अक्षरं झिजली होती. त्यांना वाचायची गरजच नव्हती. हातात घेतली की कळायचं.

संघप्रिया तिथंच जमिनीवर बसली. दोन महिने ती ज्या चुकीच्या मागं फिरत होती, ती चूक तिच्याच हातातल्या पट्टीत होती; सळया आणि फिल्मा बरोबरच होत्या. तिला आधी हसू आलं. मग साठ कार्डं आठवली, फिल्मवाला आठवला, आणि हसू थांबलं. आण्णा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, चल, दाखव तुझं मशीन.

वर्कशॉपची किल्ली तिच्याकडं असायची. बंद वर्कशॉपमध्ये त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली, प्लायवूडचा सांगाडा अंगठ्यानं दाबून बघितला. डुलतोय म्हणाले. तिनं प्रोग्राममधली वाढ काढून टाकली आणि एक टाकाऊ कार्ड लावलं. एकशेचाळीस भोकं, टोकापासून टोकापर्यंत ठिपक्यात. आण्णांनी कार्ड उजेडात धरून सावकाश बघितलं. मग त्यांनी विचारलं ते भोकांबद्दल नव्हतंच.

"हे चाललं की शालूबाईचं काय?"

ती म्हणाली, तिच्यासाठीच तर केलंय.

"तुला तसं वाटतंय. मालकाला काय वाटंल?" मग ते म्हणाले, "माझ्या वेळी कुणी इचारलं न्हाई. तू इचार."

सोमवारी ती आधी फिल्मवाल्याकडं गेली, पट्टी दाखवली आणि माफी मागितली. त्यानं चहा पाजला. म्हणाला, आमच्यावर सगळेच ओरडत्यात, माफी मागायला आलेलं पयलंच गिऱ्हाईक. तिथून ती बाळासोंकडं आली. मशीन चालू झालंय, पण त्यावर शालूबाईच बसेल, आणि बाकीच्या दोघींना दुसरं काम मिळेपर्यंत काढायचं नाही, असं तिनं सांगितलं. बाळासो भडकले. कामाला कुणाला ठेवायचं ते मालक ठरवतो, असं त्यांनी ऐकवलं. ती म्हणाली की बरोबर आहे, पण मशीन माझं आहे, संध्याकाळी टेम्पो बोलावतो आणि घरी घेऊन जातो. आमच्याकडं बायकाही 'जातो', 'करतो' असंच बोलतात, पण त्या दिवशी त्या 'जातो'चा आवाज गल्लीपर्यंत आला.

बाळासो तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी शालूबाईपुरतं मान्य केलं. बाकीच्या दोघींपैकी एकीला सोल्डरिंगला घेतलं. दुसरी, मनाली नावाची तरणी पोरगी, तिला त्यांनी महिनाअखेरीला नको म्हणून सांगितलं. ती एका कपड्याच्या दुकानात लागली. संघप्रिया दोनदा तिच्या घरी गेली. दोन्ही वेळा मनालीनं दारातूनच परत पाठवलं. पुढं रस्त्यात दिसली तरी ती मान वळवायची. याचा विषय निघाला की संघप्रिया एवढंच म्हणते की तिचं बरोबर होतं.

शालूबाईला पडद्यावरचं वाचता येणार नव्हतं. तेव्हा संघप्रियानं प्रोग्राम असा केला की दोनच बटणं लागावीत, एक सुरू करायला आणि एक थांबवायला, कॅरमच्या सोंगट्यांएवढी मोठी. शालूबाई पहिले आठ दिवस मशीनला हात लावताना पदरानं हात पुसायची. मग सरावली. डोळ्यांनी दिसत नसलं तरी तिचे कान तीस वर्षांच्या बाईसारखे होते. बीट बोथट व्हायला लागलं की आवाज बदलतो, तो तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळायचा. थांबवायचं बटण दाबून ओरडायची, "प्रिया, बीट रडालंय." बदलल्यावर बघितलं तर खरंच बोथट.

आण्णांनी प्लायवूडचा सांगाडा काढून सागवानाचा केला. फौंड्रीतून येताना आणलेले तुकडे घरात होतेच. दीड महिना ते रोज बसनं उद्यमनगरात यायचे, कुणाशी न बोलता काम करायचे, जेवायला मुलीसोबत बसायचे. त्या सांगाड्यावर माझी पुढची तीनशे कार्डं दीड दिवसात झाली, एकही वाया न जाता. मी पेढे घेऊन गेलो. फेब्रुवारीत बोललेलं परत घेता येत नव्हतं, ते तिला सांगितलं. ती पेढा खात म्हणाली की तुमचा माल थांबला होता की.

जुलैत मशीन अडलं. पंचगंगेला पूर आला होता, हवा अशी ओली की कपडे वाळत नव्हते, आणि सागवान फुगून सळया जाम झाल्या. आण्णांनी बघितलं आणि म्हणाले, लाकूड हाय, फुगणारच, ह्याला बिडाचं बूड पायजे. त्यांनी बुडाचा पॅटर्न केला आणि तो ओतून घ्यायला ते त्याच फौंड्रीत गेले जिथून त्यांना घरी पाठवलं होतं. संघप्रिया नको म्हणत होती, दुसऱ्या फौंड्र्या काय कमी आहेत. ते ऐकेनात. परत आले तेव्हा तिनं विचारलं, काय म्हणाले. आण्णा म्हणाले, जुने मोल्डर भेटले, पॅटर्न हातात घेऊन बघत राहिले सगळे. मालक? मालक न्हवते. एवढंच सांगितलं, पण त्या दिवशी त्यांनी तिला जरा गोड करायला सांगितलं आणि दोन वेळा वाढून घेतलं.

ते मशीन बाळासोंकडं सहा वर्षं चाललं. ऐकून लोक यायला लागले, इचलकरंजीहून, सांगलीहून, एक पार्टी बेळगावहून. संघप्रियानं आणखी पाच मशीनं केली, सगळ्यांची बुडं आण्णांच्या पॅटर्नवर. पाचवं होत असतानाच, दोन हजार सातच्या डिसेंबरात, आण्णा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच. वस्तीतली, फौंड्रीतली, उद्यमनगरातली मिळून एवढी माणसं आली की विहाराच्या बाहेर रस्त्यावर उभं राहावं लागलं. संघप्रियानं पाचवं मशीन ठरल्या तारखेला दिलं. एक दिवसही उशीर केला नाही. मी म्हटलं, थांबली असतीस तर बेळगावच्या माणसानं समजून घेतलं असतं. तर म्हणाली की काम करताना जरा बरं वाटत होतं.

पुढं बाहेरून तयार कार्डं इतकी स्वस्त यायला लागली की बाळासोंनी तो विभाग बंद केला. मशीन तिचंच होतं. तिनं ते उचललं आणि मागच्या गल्लीत एक गाळा भाड्यानं घेतला. ज्यांना हजारात नको, दहा-वीसच कार्डं हवी असतात, ती सगळी आता तिच्याकडं येतात. मोबाइलवर मिस्ड कॉल दिला की शेतातली मोटार चालू होते, असल्या स्टार्टरांची कार्डं ती करते. गारगोटीकडचा एखादा शेतकरी थेट गाळ्यावर येऊन बिघडलेलं कार्ड पुढ्यात ठेवतो, आणि दुरुस्ती होईपर्यंत बसून राहतो. शालूबाई गेल्या वर्षीपर्यंत यायची. आता नातवंडांत असते, पण बाजाराच्या दिवशी डोकावते आणि स्टुलावर बसून चहा घेते.

परवा मी गेलो तेव्हा संघप्रिया जमिनीवर कागद पसरून काहीतरी आखत होती. नुसती भोकं पाडून पुरत नाही, कार्डाची कडही मशीननंच कापली पाहिजे, असं तिच्या डोक्यात होतं. मोटार जोराची लागेल, धूळ फार उडेल, ती ओढून घ्यायची काहीतरी सोय करावी लागेल. मला विचारलं, तुमच्याकडं जुना व्हॅक्यूम क्लीनर पडून हाय का. आहे म्हणालो. मग उद्याच घेऊन या म्हणाली, आणि पुन्हा कागदावर वाकली.